पोर्टफोलिओतून काय काढावे? नऊ वर्षांच्या कामातून निवड करताना

महाल_गांधीगेट

नमस्कार. मी नागपूरला महालात राहते. नऊ वर्षांपासून लग्नसमारंभांची छायाचित्रे काढणे हाच माझा व्यवसाय आहे. त्यांपैकी पहिली सहा वर्षे मी एका स्टुडिओत पगारावर होते आणि तीन वर्षांपासून स्वतःची कामे घेते. त्याशिवाय, गेली चार वर्षे संत्र्याच्या आंबिया आणि मृग अशा दोन्ही बहारांत, म्हणजे हंगामांत, ज्या दिवशी लग्नाचे काम नसेल त्या दिवशी पहाटे उठून कळमन्याच्या बाजारात जायचे आणि संत्र्यांचे ढीग, लिलाव, प्रतवारी करणाऱ्या बाया, हमाल यांची छायाचित्रे काढायची, असा नेम मी पाळला आहे. हे काम मला कोणी सांगितले नव्हते आणि त्याचे पैसेही मिळत नाहीत, पण मनापासून केलेले काम कोणते, असे मला विचारले तर मी तेच दाखवीन.

गेल्या महिन्यात एका संस्थेच्या पाठ्यवृत्तीसाठी मी पोर्टफोलिओ पाठवला. छायाचित्रे किती असावीत याचे बंधन नव्हते, म्हणून मी ८४ पाठवली. आरंभी कळमन्याची बारा होती. त्यानंतर लग्नांतली, मारबतीच्या (पोळ्यानंतर निघणाऱ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीतली, दीक्षाभूमीच्या स्तूपाची, फुटाळ्यावरच्या सूर्यास्ताची, आणि शेवटी पेंचच्या जंगलातल्या वाघाची दोन होती. माझी निवड झाली नाही. परीक्षकांपैकी एका बाईंनी मात्र मला आपुलकीने फोन केला आणि सांगितले की पहिल्या बारा छायाचित्रांपर्यंत ही व्यक्ती काय पाहते आहे ते त्यांना स्पष्ट कळत होते, पुढे ते हळूहळू कळेनासे झाले आणि शेवटी त्यांना पहिली बाराही नीट आठवेनात.

हे ऐकल्यापासून मी दररोज रात्री संगणकासमोर बसते आणि एकही छायाचित्र काढून टाकल्याशिवाय उठते. प्रत्येकामागे एखादी पहाट आहे, एखादा प्रवास आहे, कोणी तरी मोठ्या विश्वासाने मला घरात घेतल्याची आठवण आहे. म्हणून जाणकारांना विचारते: छायाचित्रे किती ठेवावीत? लग्नाचे काम आणि बाजाराचे काम एकत्र दाखवावे की वेगळे? दुसऱ्यांच्या लग्नातली छायाचित्रे आपल्या संग्रहात वापरण्याचा मला हक्क आहे का? आणि आजच्या काळात छापील संच करण्यात काही अर्थ उरला आहे का?

छत्तीस_फ्रेम

ताई, आपला प्रश्न फार मोलाचा आहे, म्हणून सवडीने लिहितो. मी वृत्तपत्रात फिल्मच्या काळापासून काम केले. त्या वेळी एका रोलमध्ये छत्तीस फ्रेम असत आणि रोल धुतल्यावर सगळ्या पट्ट्या एका कागदावर ठेवून काँटॅक्ट शीट काढावी लागे. भिंग लावून ती शीट पाहायची आणि लाल पेन्सिलीने खूण करायची, हा रोजचा परिपाठ होता. छत्तिसांपैकी एका फ्रेमवर खूण झाली तर दिवस चांगला गेला असे आम्ही मानत असू. आज कार्डावर दोन हजार छायाचित्रे मावतात, पण त्यांतली चांगली निघण्याचे प्रमाण त्यामुळे वाढलेले नाही.

आपण लिहिलेले एक वाक्य मी पुन्हा वाचले: प्रत्येक छायाचित्रामागे एखादी पहाट आहे. ती पहाट आपल्याला दिसते, पाहणाऱ्याला दिसत नाही. वाघासाठी आपण चार सफारी केल्या असतील, पण परीक्षकांच्या समोर येतो तो रस्त्यावरून सरळ चालत येणारा वाघ, आणि तसा वाघ त्यांनी त्या आठवड्यात दहा संचांत पाहिलेला असतो. म्हणून निवडीच्या वेळी आपल्या आठवणी बाजूला ठेवता आल्या पाहिजेत. त्या मनाने ठरवून बाजूला ठेवता येत नाहीत, त्यासाठी काही तरी युक्ती योजावी लागते.

माझी रीत सांगतो. संगणकावर निवड करूच नये. प्राथमिक चाळणीतून उरलेली शंभर-सव्वाशे छायाचित्रे लॅबमधून साध्या ४×६ इंचाच्या आकारात छापून आणावीत. हा खर्च एखाद्या लग्नातल्या एका वेळच्या जेवणाच्या ताटापेक्षा फार अधिक होत नाही. मग ती सगळी फरशीवर मांडावीत आणि उभे राहून पाहावीत. पडद्यावर एका वेळी एकच छायाचित्र दिसते आणि एकेकटे पाहिले की जवळजवळ प्रत्येक छायाचित्र बरे वाटते. फरशीवर ती शेजारी शेजारी येतात आणि एकमेकांशी बोलू लागतात. तेव्हा लक्षात येते की बारा छायाचित्रे एकाच उंचीवरून, उभ्याने, डोळ्याच्या पातळीवर काढलेली आहेत. सात छायाचित्रांत माणूस डाव्या कडेलाच आहे. आणि ज्याला आपण सर्वांत चांगले मानत होतो ते शेजारच्या एका साध्या छायाचित्रापुढे फिके पडले आहे. ही मांडणी तशीच ठेवून दोन दिवस घरात वावरावे. येता-जाता ज्यावर नजर थांबत नाही ते उचलून घ्यावे.

त्यानंतर छायाचित्रणाशी संबंध नसलेल्या एका माणसाला बोलवावे आणि त्याच्यापुढे आपण एक शब्दही बोलू नये. तो कोणत्या छायाचित्रापाशी रेंगाळतो, कोणते हातात उचलून घेतो, कोणत्याविषयी प्रश्न विचारतो, एवढेच टिपून घ्यावे. त्याने केलेली स्तुती जमेस धरू नये, त्याचे थांबणे मात्र जमेस धरावे.

आता संख्येविषयी. सामाजिक विषयाच्या संचाला पंधरा ते वीस छायाचित्रे पुरेशी होतात, कारण पाहणाऱ्याची एकाग्रता तेवढ्यापुरतीच असते आणि एक दुबळे छायाचित्र शेजारच्या दोन चांगल्या छायाचित्रांना खाली ओढते. विसावे छायाचित्र केवळ आकडा भरण्यासाठी घालावे लागत असेल तर एकोणिसांवर थांबावे.

लग्न आणि बाजार एकत्र ठेवू नयेत. आपण पोर्टफोलिओकडे आजवर झालेल्या कामाची नोंदवही म्हणून पाहत आहात असे मला वाटते. तो ज्याच्या हाती पडणार आहे त्याला जुना हिशेब नको असतो. पुढचे काम या व्यक्तीवर सोपवावे की नाही एवढे त्याला ठरवायचे असते. वधूच्या वडिलांना कळमन्याचा हमाल पाहून काही ठरवता येणार नाही, आणि पाठ्यवृत्ती देणाऱ्याला वरमाला पाहून काही ठरवता येणार नाही.

आपल्याच विदर्भातून, अकोल्याहून, गेलेल्या छायाचित्रकार सुधारक ओलवे यांचे उदाहरण घ्या. मुंबईच्या सफाई कामगारांच्या जगात ते पुन्हा पुन्हा गेले आणि त्या एका विषयाने त्यांच्या नजरेला ओळख मिळवून दिली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपली कळमन्यातली चार वर्षे त्याच वाटेवरची आहेत. ज्या विषयाकडे माणूस चार वर्षे परत परत जातो, त्यात त्याला असे काही तरी दिसू लागते जे पहिल्या दिवशी गेलेल्याला दिसत नाही. आपला खरा पोर्टफोलिओ तोच आहे.

मारबतीबद्दल एक गोष्ट सुचवून थांबतो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी काळी आणि पिवळी मारबत एकमेकींना भेटतात, तेव्हा तिथे शेकडो कॅमेरे असतात आणि सगळ्यांची छायाचित्रे सारखीच येतात, कारण गर्दीत उभे राहायला जागा एवढीशीच मिळते. ज्यांना मारबत करायची आहे त्यांनी आधीचे पंधरा दिवस त्या गल्ल्यांत काढावेत. बांबूचा सांगाडा बांधला जातो, कागद चिकटवला जातो, बडग्यांवर (मारबतीबरोबरच्या पुरुषी पुतळ्यांवर) यंदा कोणते गाऱ्हाणे लिहायचे यावर घराघरांत वाद होतात. ती छायाचित्रे मी फारशी पाहिलेली नाहीत.

फुटाळा_संध्याकाळ

फरशीवर मांडण्याच्या पद्धतीला माझे पूर्ण अनुमोदन आहे. एवढीच सूचना करते की कूलर बंद करून मांडावीत, कारण माझी पाऊणशे छायाचित्रे एका झोतात उलटीपालटी झाली होती आणि दोन दिवसांचा क्रम मोडला होता. फुटाळ्याच्या सूर्यास्ताविषयी: मी तिथे दररोज फिरायला जाते आणि मलाही तो आकाशाचा रंग मोहात पाडतो. परंतु माझ्या संचातून ते छायाचित्र काढल्यावर कोणालाही त्याची उणीव भासली नाही, हे खरे आहे.

हळदीचा_मांडव

छत्तीस_फ्रेम यांच्या अनुभवाविषयी मला आदर आहे, पण लग्नाच्या कामाला वीस छायाचित्रांचा नियम लागू पडत नाही, हे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते. मी पंधरा वर्षे नागपूर, वर्धा, भंडारा या पट्ट्यात लग्ने करतो आहे. वीस देखणी छायाचित्रे कोणाकडेही असतात. वीस लग्नांतून एकेक उचलले तर कोणीही उत्तम दिसतो. यजमानांना भीती वेगळीच असते. रात्री अकरा वाजता, मंगल कार्यालयातल्या निळ्या-जांभळ्या दिव्यांखाली, पाहुणे मंचावर गर्दी करून उभे असताना हा माणूस काय काढील, हे त्यांना पाहायचे असते. आजीचा चेहरा स्पष्ट येईल का, मामांचे कुटुंब सुटणार तर नाही ना, बिदाईच्या वेळी वडिलांकडे कोणाचे लक्ष असेल का, असे त्यांचे प्रश्न असतात.

म्हणून मी दोन गोष्टी ठेवतो. एक वीस-पंचवीस छायाचित्रांचा निवडक संच, जो पाहून लोक फोन करतात. दुसरा एकाच लग्नाचा संपूर्ण संच, हळदीपासून बिदाईपर्यंत, साठ ते ऐंशी छायाचित्रांचा, ज्यात वाईट उजेडातली, घाईतली, पावसातली छायाचित्रेही आहेत. बोलणी पक्की होतात ती दुसऱ्या संचावर. आणि हे लग्न निवडताना सर्वांत खर्चिक सजावटीचे निवडू नये. मी दोन खोल्यांच्या घरासमोर, गल्लीत टाकलेल्या मांडवातले लग्न दाखवतो. ज्यांच्याकडे मोठा लॉन आहे त्यांनाही ते पटते, कारण तिथे सजावटीने कोणाची मदत केलेली नाही हे त्यांना दिसते.

उजेडाविषयीही सांगतो, कारण पोर्टफोलिओतली निम्मी छायाचित्रे याच कारणाने बाद होतात. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारची लग्ने असतात. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २१ अंश अक्षांशावर असल्यामुळे मेच्या अखेरीस सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. त्या वेळी चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. मग सगळे सावलीत येतात, पण सावली असते ती हिरव्या जाळीची किंवा गुलाबी कापडाची, आणि तो रंग वधूच्या गालावर उतरतो. मागाहून व्हाइट बॅलन्स (सबंध छायाचित्राच्या रंगांचा समतोल) बदलून तो निघत नाही, कारण अर्ध्या चेहऱ्यावर जाळीचा हिरवा असतो आणि अर्ध्यावर बाहेरचा पांढरा. अशा वेळी मी दाराच्या चौकटीत, पांढऱ्या चुन्याच्या भिंतीसमोर माणसे उभी करतो. ज्याने संचात असे एक दुपारचे छायाचित्र नीट सोडवून दाखवले आहे, त्याला काम येते असे मी समजतो.

छत्तीस_फ्रेम

आपले म्हणणे मला पटले. मी लग्नाचे काम केलेले नाही, त्यामुळे संपूर्ण लग्नाच्या संचाचे महत्त्व माझ्या ध्यानात आले नव्हते. पाठ्यवृत्तीच्या संचाविषयी मात्र माझे मत कायम आहे.

मॅट_कागद

मी छपाईच्या लॅबमध्ये काम करतो, म्हणून छापील संचाच्या प्रश्नाचे उत्तर देतो. छापील संच अवश्य करावा. मोबाइलवर पाहणारा माणूस एका छायाचित्राला अंगठ्याच्या एका हालचालीएवढा वेळ देतो, तर कागद हातात घेतला की तो कडा धरून, उजेडाकडे वळवून पाहतो. शिवाय छापल्यावर आपलेच दोष आपल्याला दिसतात.

आकार ८×१२ इंच पुरेसा आहे. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर त्यासाठी २४००×३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे साडेआठ मेगापिक्सेलच्या आसपास. त्यामुळे जुन्या १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातली फाइलही चालते, मात्र ती फार कापलेली नसावी. चकचकीत कागद टाळावा, कारण टेबलावर ठेवून पाहताना त्यात वरचा दिवा दिसतो. मॅट (चमक नसलेला) किंवा लस्टर (मंद चमकेचा) घ्यावा.

लॅबकडे येणाऱ्या फायलींत सर्वांत अधिक घोटाळा रंगांचा असतो. बहुतेक लॅबची यंत्रे एसआरजीबी या रंगपद्धतीवर चालतात. कॅमेरा किंवा संपादनाचे सॉफ्टवेअर अ‍ॅडोबी आरजीबीवर ठेवून तशीच फाइल दिली की रंग मरगळलेले येतात आणि ग्राहक लॅबला दोष देतो. दुसरी तक्रार छायाचित्र काळपट आल्याची असते. तिचे कारण बहुतेक वेळा असे असते की संगणकाचा पडदा पूर्ण उजळ ठेवून संपादन केलेले असते. पडद्याची उजळता कमी करून, एक छायाचित्र छापून, ते खिडकीतल्या दिवसाच्या उजेडात पडद्याशेजारी धरून पाहावे आणि मगच बाकीची छापायला द्यावीत.

महाल_गांधीगेट यांचे दोन्ही विषय, संत्री आणि हळद, छपाईला अवघड आहेत. कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनेलांत रंग नोंदवतो. नारिंगी रंगात लाल चॅनेल इतर दोहोंच्या फार आधी भरून जातो. कॅमेऱ्यावरचा एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) निर्धोक दिसतो, पण लाल चॅनेल उजव्या कडेला आपटलेला असतो. मग संत्र्याच्या सालीवरचे बारीक खळगे नाहीसे होतात आणि ढीग प्लॅस्टिकच्या चेंडूंचा वाटतो. हळदीत लाल आणि हिरवा असे दोन्ही चॅनेल भरतात आणि गालावरचा लेप सपाट पिवळा डाग होऊन बसतो. यासाठी तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावावा, एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप कमी ठेवावे, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढावी आणि संपादनात नारिंगी-पिवळ्याचे सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवण्याऐवजी किंचित उतरवावे. सालीचे खळगे परत आले की संत्रे आपोआप अधिक नारिंगी वाटते. हा अनुभव मी अनेकांना छापून दाखवला आहे.

फाइल पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र म्हणून पाठवू नये, कारण ते दाबून लहान केले जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास मूळ फाइल पोहोचते. आणि प्रत्येक फाइलला क्रमांक द्यावा, नाही तर आपण विचारपूर्वक लावलेला क्रम समोरच्या संगणकावर विस्कटतो.

कलम_सतरा

हक्काच्या प्रश्नाला हात घालतो, कारण या बाबतीत अनेक छायाचित्रकारांचा समज चुकीचा आहे. बटण मी दाबले म्हणजे छायाचित्र माझे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार छायाचित्राचा निर्माता हाच सामान्यतः पहिला मालक असतो. परंतु त्याच कलमात अपवाद आहेत. एखाद्याने मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले असेल आणि उलट करार झालेला नसेल, तर पहिली मालकी काम देणाऱ्याची असते. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून काढलेल्या छायाचित्रांची पहिली मालकी, उलट करार नसल्यास, नोकरी देणाऱ्याची असते.

याचा अर्थ, ताई, आपली तीन स्वतंत्र वर्षांतली लग्ने त्या त्या कुटुंबांची आहेत आणि आधीच्या सहा वर्षांतली छायाचित्रे स्टुडिओची किंवा कुटुंबांची आहेत. कळमन्याची मात्र सर्वस्वी आपली आहेत. कलम ५७ प्रमाणे आपण निर्मात्या आहात असे सांगण्याचा हक्क मालकी दुसऱ्याची असली तरी आपल्याकडे राहतो, पण त्यातून वापरण्याची परवानगी मिळत नाही.

उपाय अवघड नाही. पुढील प्रत्येक कामाच्या कोटेशनमध्ये दोन ओळी घालाव्यात: कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील आणि निवडक छायाचित्रे स्वतःच्या कामाच्या प्रदर्शनासाठी वापरता येतील, कुटुंबाला नको असलेली छायाचित्रे वगळली जातील. त्यावर सही घ्यावी. जुन्या कामांसाठी कुटुंबांना नेमकी छायाचित्रे पाठवून लेखी संमती मागावी. सरसकट परवानगी मागितली की लोक बिचकतात. ही तीन छायाचित्रे वापरू का, असे विचारले की सहसा आनंदाने होकार देतात. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना वेगळे विचारावे. बाजारातल्या छायाचित्रांवर त्यांतल्या बायांची मालकी कायद्याने लागत नसली तरी त्यांना छापील प्रत नेऊन द्यावी आणि छायाचित्र कुठे दाखवणार ते सांगावे, असे मला वाटते.

गोरेवाडा_पहाट

वाघाची बाजू मांडण्यासाठी लिहितो. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला इतके जवळ असल्यामुळे आपल्या शहरातल्या प्रत्येक संग्रहात वाघ येतो आणि तो बहुधा चुकीच्या जागी येतो, हे मान्य आहे. पण वन्यजीवांचा स्वतंत्र संच करायचा असेल तर वाघ जरूर असावा, फक्त तो काही करताना दिसावा आणि जंगलही दिसावे. मोहफुले वेचणाऱ्या माणसांच्या पायवाटा आणि वाघाची पायवाट एकच असते. त्या पायवाटेचे छायाचित्र माझ्या संचात वाघाच्या चेहऱ्याच्या आधी येते.

महाल_गांधीगेट

तीन महिन्यांनी परत लिहिते आहे. सगळ्यांनी इतक्या आस्थेने लिहिले, म्हणून काय केले ते सविस्तर सांगणे माझे कर्तव्य आहे.

१२० छायाचित्रे ४×६ मध्ये छापून आणली आणि माडीवरच्या खोलीत फरशीवर मांडली. मे महिना होता, तरी कूलर बंद ठेवला. पहिल्याच संध्याकाळी जे दिसले त्याने मी अस्वस्थ झाले: कळमन्याच्या जवळजवळ सर्व छायाचित्रांत संत्री पुढे होती आणि माणसे मागे. चार वर्षे मी रंगाकडे पाहत होते. आमच्या शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी आल्या, त्यांना मी काही सांगितले नाही. त्या ढिगांच्या छायाचित्रांवरून पुढे गेल्या आणि एका साध्या, काहीशा अंधाऱ्या छायाचित्रापाशी बसल्याच. त्यात एका बाईचा हात आहे. अंगठ्याजवळची कातडी संत्र्याच्या रसाने फाटली आहे आणि तिने त्यावर लुगड्याच्या काठाची चिंधी बांधली आहे. काकूंनी विचारले की हिला दिवसभर झोंबत नसेल का. ते छायाचित्र ८४ मध्ये नव्हतेच. फोकस किंचित चुकला आहे म्हणून मी ते बाजूला टाकले होते. आता संच त्या हातापासून सुरू होतो.

सूर्यास्त, स्तूप, दोन्ही वाघ आणि मारबत काढली. सर्वांत जड गेले ते ढिगावर बसून हसणाऱ्या मुलीचे छायाचित्र संचातून वगळताना. उजेड, रचना, रंग, सारे त्यात उत्तम आहे, पण सबंध संचात तीच एकटी कॅमेऱ्याकडे पाहते आणि तिच्यापाशी आले की पाहणारा बाजारातून बाहेर पडून छायाचित्रकाराच्या समोर येऊन उभा राहतो. आठवडाभर ते ठेवून आणि काढून पाहिले. ते काढल्यावर उरलेली अठरा एका दमात पाहता येतात. त्या मुलीच्या घरी छापील प्रत नेऊन दिली.

लाल चॅनेलच्या सूचनेप्रमाणे सगळ्या रॉ फायली नव्याने उघडल्या. सहा छायाचित्रांत सालीचे खळगे परत आले, तीन मात्र मुळातच उडालेली होती, ती गेली. लग्नाचा संच वेगळा केला आहे. त्यात २४ निवडक छायाचित्रे आणि नंदनवनातल्या एका गल्लीतले ७० छायाचित्रांचे संपूर्ण लग्न आहे. नऊ कुटुंबांना विचारले. सातांनी लेखी होकार दिला, एकाने नाही म्हटले आणि एकाचे उत्तर आले नाही, म्हणून ती दोन्ही लग्ने वगळली. स्टुडिओच्या सहा वर्षांतले काहीही घेतलेले नाही. कोटेशनमध्ये त्या दोन ओळी आल्या आहेत आणि आजवर कोणीही त्यांना हरकत घेतलेली नाही.

एक उणीव मात्र फरशीवर उभे राहिल्यावरच कळली. अठरा छायाचित्रांत हमाल आहेत, अडते आहेत, प्रतवारी करणाऱ्या बाया आहेत, पण लिलाव संपल्यावरचा शेतकरी कुठेच नाही. भाव पुकारला गेल्यानंतर तो लगेच ढिगापासून दूर होतो आणि मी दर वेळी पुढच्या ढिगाकडे वळलेली असते. आंबिया बहाराची आवक सुरू झाली की मी फक्त त्याच्यासाठी जाणार आहे. पाठ्यवृत्तीचा अर्ज त्याआधी करायचा असल्याने आत्ता अठराच पाठवते आहे.

छत्तीस_फ्रेम

हाताचे छायाचित्र आरंभी ठेवले, हे फार योग्य झाले. त्याखाली त्या हाताविषयी माहिती देताना महिना, वेळ आणि ती बाई दिवसाला किती तास प्रतवारी करते, एवढे तिलाच विचारून लिहावे, कारण ते छायाचित्रात दिसू शकत नाही. शेतकऱ्यासाठी जाल तेव्हा लिलावाकडे पाठ करून उभ्या राहा.